विहिरीच्या पाण्यासारखं लागेपर्यंत

॥ श्री ॥

दिवेआगर,
गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
वल्लरीचा सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की तुमच्या रोपवाटिकेसाठी पाठवलेला नारळाचा भुसा तीन पाण्यांनी धुतला आहे. ते चूक आहे. तो दोनच पाण्यांनी धुतला होता. तिसऱ्या दिवशी मी दाताच्या डॉक्टरांकडे श्रीवर्धनला गेले होते. परत आले तेव्हा टाक्याभोवतीची जमीन ओली दिसली, म्हणून मी वहीत तिसरं पाणी झाल्याची नोंद केली. काल टाकं सांभाळणाऱ्या कोंडाजीकाकांना सहज विचारलं. ते म्हणाले, अगो पोरी, त्या दिशी पंपच बंद व्हता, पानी काय मी डोळ्यातनं काढनार? टाकं फक्त उपसून घेतलं होतं, त्याचा ओलावा मी पाहिला.

परवा फोनवर तू म्हणालीस की मिरचीच्या रोपांच्या पानांची टोकं करपायला लागली आहेत. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. फोनवर हे सांगता आलं असतं. पण माझा पाय प्लास्टरमध्ये होता त्या दोन वर्षांत तू मला घरी शिकवलंस, तेव्हाचा तुझा नियम असा होता की चुकलेलं उत्तर खोडरबरानं पुसायचं नाही, त्यावर एकच रेघ मारायची आणि खाली बरोबर उत्तर लिहायचं. म्हणून लिहून कळवते.

तू या घरातून गेलीस तेव्हा हे काम नव्हतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते. नारळावरून सोललेली सोडणं आम्ही खाडीकाठच्या खड्ड्यांत भिजत घालतो, मग यंत्रात फाडतो. काथ्या वेगळा निघतो आणि उरतो तो भुसा. त्यात खाडीचं मीठ असतं, म्हणून तो वाडीतल्या टाक्यात गोड्या पाण्यानं धुवावा लागतो. धुणं पुरं झालं की नाही ते कोंडाजीकाका जिभेनं ठरवतात. टाक्यातून निथळलेलं पाणी जिभेवर घ्यायचं, आणि ते आपल्या विहिरीच्या पाण्यासारखं लागेपर्यंत धुवत राहायचं. त्यांनी त्याही वेळी चव घेऊन होकार दिला होता, आणि खात्री म्हणून मीही घेतली होती. तरी एक पाणी कमी पडलं हे खरं. तुमच्याकडे गेलेल्या साठ पोत्यांतला उरलेला भुसा वापरू नका.

बाकी सगळे ठीक. भाऊंचं करवंट्यांचं वेड वाढलं आहे. गावातल्या खानावळींतून करवंट्या गोळा करून आणतात, पिंपात कोंडून त्यांचा कोळसा करतात, आणि पाहुण्यांच्या खोल्यांतलं पाणी त्या कोळशातून गाळून देतात. आई म्हणते की आता फक्त मलाच पिंपात घालायचं बाकी राहिलं आहे.

रागावलीस तरी कळव. तुझं पत्र येईपर्यंत मला जेवण गोड लागणार नाही.

तुझी,
वल्लरी

॥ श्री ॥

तळा,
सोमवार, १८ नोव्हेंबर

चि. वल्लरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र हर्षदच्या टेंपोनं मिळालं. तुझ्या अक्षराची उजवीकडची वेलांटी अजून घाबरल्यासारखी आत वळते. एका पाण्यासाठी एवढं मोठं पत्र लिहिणारी मुलगी जगात एकटी तूच असशील.

आता नीट ऐक. दोष तुझ्या भुशाचा नाही. आमच्या रोपवाटिकेच्या गटात प्राप्ती म्हणून मुलगी आहे, रोपांना पाणी आणि पातळ खत द्यायचं काम तिच्याकडे होतं. खताचं माप एका बादलीला एक टोपण. करपलेली पानं पाहिल्यावर गटातली सुचिता म्हणाली की जास्त खतानंच अशी टोकं जळतात, तिच्या माहेरी वांग्याचं असंच झालं होतं. मग सगळ्या प्राप्तीवर घसरल्या. ती एकच सांगत राहिली की मी एकच टोपण घातलं. कुणी म्हणालं की टोपण मोजताना लक्ष मोबाईलमध्ये असेल. त्यावर तिनं शेडची चावी टेबलावर ठेवली आणि चपला घालून गेली. आठ हजार रोपं गेली, वल्लरी. भात काढून झाल्यावर त्याच ओलीवर मिरची-वांगी लावायची म्हणून तीन गावांतल्या बायका वाट पाहत आहेत. दहा-बारा डिसेंबरपर्यंत दुसरी पेरणी झाली नाही, तर वर्ष फुकट जाईल. त्यामुळे गटाच्या नोंदवहीत कारण लिहावं लागलं. खताच्या मात्रेत प्राप्तीकडून चूक, असं मी लिहिलं आणि चिटणीस म्हणून खाली सही केली. मला बरं वाटलं नाही, पण दुसरं कारण दिसत नव्हतं.

तेव्हा तुझं दोन पाणी की तीन पाणी आता विसर. राहिलेली चाळीस पोती मात्र नीट धुऊन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाठव.

भाऊला, तुझ्या वडिलांना म्हणावं, त्याच्या कोळशाचं कौतुक आहे, पण गणपतीत मला तुमच्याकडचा चहा कसातरीच लागला होता. पोट बरं नाही असं सांगून मी बोर्लीहून पाण्याच्या बाटल्या मागवल्या. वय झालं की जीभ बंड करते, दुसरं काय. तुझ्या आईला हे सांगू नकोस, तिला वाटेल नणंदेचे नखरे.

जेव वेळेवर. माझी माया तुझ्या चुका मोजून कमी-जास्त होत नाही, हे ध्यानात ठेव.

तुझी,
अंबिकाआत्या

॥ श्री ॥

दिवेआगर,
मंगळवार, २६ नोव्हेंबर

ती. आत्यास,
वल्लरीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून माझी सुटका व्हायला हवी होती, ती झाली नाही. प्राप्ती कोण, कशी दिसते, मला माहीत नाही. पण एकच टोपण घातलं असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती, हे वाचल्यावर मला स्वस्थ बसवेना. म्हणून मी एक करून पाहिलं. राहिलेल्या भुशातला एक घमेलंभर घेतला आणि दोन नाही, तीन नाही, सहा पाण्यांनी धुतला. प्रत्येक पाण्याला मी स्वतः उभी होते. त्यात मूग पेरले. खताचा थेंबही घातला नाही. मूग तिसऱ्या दिवशी वर आले आणि पाचव्या दिवशी त्यांच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या, तू सांगितल्यास तशाच.

सहा पाण्यांनीही मीठ जात नाही, हे कसं, ते मला कळत नव्हतं. काल हर्षद काथ्याच्या गाठी न्यायला आला. ऊन होतं म्हणून मी त्याला तांब्याभर पाणी दिलं. एक घोट घेऊन तो म्हणाला, ताई, सरबत करताय तर साखर पण टाका ना, नुसतं मीठच टाकलंत. मी म्हटलं, अरे, हे साधं पाणी आहे. तो हसत होता. मी हसले नाही. मला एकदम तुझा गणपतीतला चहा आठवला.

त्याच्या टेंपोत तुमच्या तळ्याहून भरून आणलेला पाण्याचा कॅन होता. मी एक पेला मागून घेतला आणि चव घेतली. मला ते फिकं लागलं, काहीच नसल्यासारखं. आईनंही तेच सांगितलं. मग मी दोन सारखी पातेली घेतली. एकात आपल्या विहिरीचं तांब्याभर पाणी, दुसऱ्यात तळ्याचं. दोन्ही गॅसवर ठेवून पूर्ण आटवली. तळ्याच्या पातेल्याच्या बुडाला नुसती फुंकर मारल्यासारखा डाग राहिला. आपल्या पातेल्यात पांढरा थर होता. मी बोटानं खरवडून जिभेवर ठेवला. मीठ होतं, आत्या.

आमची विहीर खारावली आहे. ती हळूहळू खारावली आणि आम्ही रोज तेच पाणी प्यायलो, म्हणून आमच्या जिभांना ते गोडच वाटत राहिलं. कोंडाजीकाका भुसा विहिरीच्या पाण्यासारखा लागेपर्यंत धुवत होते, आणि तो लागतही होता. आईनं पातेल्याच्या बुडावरून बोट फिरवलं. मग म्हणाली की दोन वर्षं तिला वाटत होतं, आपल्या हातून आमटी खारट होते, म्हणून ती मीठ कमी कमी घालत आली.

म्हणजे मी मागच्या पत्रात केलेली दुरुस्तीही चूकच होती. दोन पाण्यांनी धुतला हे खरं, पण रोपं त्यामुळे गेली नाहीत. आणि प्राप्तीमुळे तर मुळीच गेली नाहीत.

पातेलं मी भाऊंना नेऊन दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, पातेलं परत माझ्या हातात दिलं आणि पिंपाकडे करवंट्या भरायला गेले. नवल वाटल्याचंही त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

प्राप्तीला परत बोलाव. नोंदवहीत काय लिहायचं ते मला विचार, मी लिहून देते. चाळीस पोती मी पाठवणार नाही.

माझ्यावरचा विश्वास अजून शिल्लक असेल तर लगेच उत्तर दे.

तुझी,
वल्लरी

॥ श्री ॥

दिवेआगर,
गुरुवार, २८ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
भाऊचा सा. न. वि. वि.

वल्लरीनं तुला काय लिहिलं असेल याची कल्पना आहे. मी पत्र लिहिणारा माणूस नाही हे तुला ठाऊक आहे, त्यावरून काय ते समज.

पाण्याला चव आली आहे हे मी दोन वर्षं जाणून आहे. वादळात वाडी आडवी झाली, त्यानंतर पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आणि मोठा पंप बसवला. एवढा उपसा या विहिरीनं कधी पाहिला नव्हता. समुद्र हाकेवर आहे, तो आत यायचाच. मी कोळशातून गाळून पाहिलं. पाणी चकचकीत झालं, पण मीठ तसंच. तरी गाळत राहिलो, कारण काहीतरी करतो आहे असं वाटायचं. घरात कुणाला सांगितलं नाही. उन्हाळ्यात नळ बंद पडला की आळीतली सगळी माणसं घागरी घेऊन आपल्या दारात येतात, त्यांनाही नाही. त्यांच्यापुढे मी कोणत्या तोंडानं उभा राहू?

भुसा त्याच पाण्यात धुतला जातो हे माझ्या डोक्यात आलं नाही. शपथेवर सांगतो. आलं असतं तर तुझी रोपं मरू दिली नसती.

एकच मागणं आहे. पोरीनं एक पाणी कमी पडल्याचं आधीच कबूल केलं आहे. तुझ्या गटाला तेवढंच सांग. त्यात खोटं काही नाही, आणि त्या मुलीवरचं बालंटही जाईल. विहिरीचं नाव तळ्यात निघालं, तर एसटीच्या आधी ते दिवेआगरात पोचेल. नाताळची माणसं यायची आहेत. पावसाळ्यापर्यंत मुदत दे, मी पंप काढतो, काही ना काही मार्ग काढतो. वल्लरी तुझं ऐकते. माझं ऐकत नाही, कारण तिला शिकवलं तू.

मोठी आहेस, समजून घेशील.

तुझा,
भाऊ

॥ श्री ॥

तळा,
सोमवार, २ डिसेंबर

चि. वल्लरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आणि त्यामागोमाग भाऊचं पत्र आलं. भाऊनं मला लिहिलं हे तुझ्यापासून लपवावं असं त्याला वाटत असेल, पण मला ते जमणार नाही, म्हणून त्याचं पत्र सोबत पाठवते आहे. रागानं वाचू नकोस. माझ्या आठवणीत त्यानं मला लिहिलेलं हे दुसरं पत्र. पहिलं तुझ्या जन्माचं होतं.

मी तीन दिवस विचार करते आहे. भाऊ म्हणतो तसं केलं तर सगळं सोपं होतं. भुसा कमी धुतला गेला, असं मी बैठकीत सांगायचं, प्राप्तीच्या नावावर रेघ मारायची, विषय संपला. त्यात खोटं वाक्य एकही नाही. पण मग तू चाळीस पोती का थांबवलीस, असं सुचिता विचारणार. भुसा पुन्हा धुऊन का देत नाही, असंही विचारणार. तेव्हा मी काय सांगू?

दुसरी बाजूही आहे. नोंदवहीत त्या मुलीविरुद्धच्या ओळीखाली सही माझी आहे. शाळेत तीस वर्षं शिकवलं आणि चौकशी न करता निकाल लिहिला. हे बायकांसमोर उभं राहून सांगायचं मला जड जातं आहे, हे तुला सांगायला लाज कशाला? म्हणून म्हणते, थोडं थांब. दत्तजयंती होऊ दे. भाऊ शांत होईल, माझीही तयारी होईल. मग आपण तिघं बसून काय, किती, कसं सांगायचं ते ठरवू.

एक गोष्ट सांगितली नाही तर तू मला कधी माफ करणार नाहीस. प्राप्ती पुढच्या सोमवारी, नऊ तारखेला सकाळच्या गाडीनं पनवेलला जाते आहे. तिथं औषधांच्या गोदामात पॅकिंगचं काम मिळालं आहे. मी काल तिच्या घरी गेले होते. पाणी दिलं, चहा दिला, एक शब्द वाकडा बोलली नाही. निघताना तिची आई म्हणाली की बाई, आमची पोर बोटानं बी टोचते तर शंभरातली पंच्याण्णव उगवतात, आता खोक्यांना चिकटपट्टी लावील. मी मान खाली घालून घरी आले.

तुला मी जे शिकवलं ते एक दिवस माझ्याच दारात येऊन उभं राहील, असं वाटलं नव्हतं. काय करायचं ते तू ठरव, पण वडिलांच्या वयाचा विचार कर.

तू काहीही ठरवलंस तरी हे दार तुला उघडं आहे.

तुझी,
अंबिकाआत्या

॥ श्री ॥

दिवेआगर,
गुरुवार, ५ डिसेंबर

ती. आत्यास,
वल्लरीचा सा. न. वि. वि.

भाऊंचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग त्यांच्या हातात दिलं. तुझ्या-माझ्यामध्ये त्यांच्या नकळत काही राहू नये म्हणून. ते म्हणाले की या घरातली माणसं आजवर पुष्कळ ठिकाणी गेली, पण आपल्याच विहिरीला नावं ठेवायला परगावी जाणारी तूच पहिली. मी म्हटलं की भाऊ, मी विहिरीला नावं ठेवत नाही, ती काय बोलते आहे तेवढं सांगते. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. जेवायला समोर बसतात. आई आमच्या दोघांच्या मध्ये वरणाचं पातेलं ठेवते आणि कोणी काही मागायच्या आत वाढते.

त्यांचं म्हणणं मी मनापासून तपासून पाहिलं. एक पाणी कमी पडलं, एवढंच सांगितलं तर त्यातला शब्दही खोटा नाही. मला भीती वाटते ती त्याचीच. चौदा तारखेच्या पत्रात मी ती चूक मोठ्या प्रामाणिकपणानं कबूल केली, आणि आता तीच कबुली पांघरायला घ्यायची. आणि ती ऐकून बायका काय करतील? तुमच्याकडच्या उरलेल्या भुशाला आणखी एक पाणी देतील, त्यांना वाटेल काम झालं. पुढच्या वर्षी इथून पुन्हा भुसा येईल, कोंडाजीकाका पुन्हा चव घेतील, पुन्हा कुणाची तरी रोपं जळतील आणि पुन्हा कुणीतरी चावी टेबलावर ठेवील.

दत्तजयंती चौदा तारखेला आहे. प्राप्ती नऊला जाते. दत्तजयंतीनंतर मी जे सांगेन ते तिच्या पाठीमागे सांगितलं जाईल. दोष तिला सगळ्यांसमोर लावला, तर तो सगळ्यांसमोर आणि तिच्यासमोरच काढायला हवा.

कोंडाजीकाकांना मी काल समजावलं. पातेल्यातला थर त्यांनीही चाखला. मग म्हणाले, पोरी, चाळीस वर्सं या वाडीत ही जीभ भरवशाची व्हती. मी त्यांना म्हटलं की तुमच्या जिभेचा दोष नाही, आमच्या सगळ्यांच्याच जिभा एका विहिरीवर वाढल्या. ते म्हणाले की मग आता भुसा ज्याच्या गावी जाईल त्याच्याच पाण्यानं धुवावा, आन् चव बी त्यानंच बघावी. मला हे इतके दिवस सुचलं नव्हतं. म्हणून तुमच्याकडे उरलेली पोती टाकू नका. तुमच्या झऱ्याच्या पाण्यात धुतली तर ती वापरता येतील. मी धुणार आहे, हातानं, तीन-चार दिवस लागले तरी. प्राप्तीनं चव बघावी आणि तिनंच होकार द्यावा, अशी माझी इच्छा आहे. तिला यायचं नसेल तर तेही मला ऐकून घ्यायला हवं. पेरणी बारा तारखेपर्यंत लांबेल, पण चुकणार नाही.

तुझ्या सहीबद्दल मी काही बोलणार नाही. ते तुझं तू सांग किंवा सांगू नकोस. मी फक्त आमच्या घरचं सांगणार आहे.

मी रविवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं निघते. सोबत आमच्या विहिरीच्या पाण्याचा एक कॅन आणि ते न घासलेलं पातेलं. तुमची बैठक अकरा वाजता शेडमध्ये असते हे मला माहीत आहे. तिथं प्रत्येकीला एक एक घोट द्यायचा आणि मग बोलायचं, असं ठरवलं आहे. प्राप्ती बैठकीला येणार नाही असं वाटतं, म्हणून आधी तिच्या घरी जाईन आणि माझ्याबरोबर चल म्हणून विनंती करीन. पत्ता हर्षदला माहीत आहे. प्लास्टर निघालं त्या दिवशी तू अंगणाच्या त्या टोकाला उभी राहिली होतीस आणि पुढे येऊन मला धरलं नव्हतंस. तशीच उभी राहा.

निघताना भाऊंच्या पाया पडेन. त्यांनी पाय मागे घेतले तरी निघेन.

लोभ ठेवायचा की नाही ते माझं बोलून झाल्यावर ठरव, रविवारी, आठ डिसेंबरला.

तुझी,
वल्लरी